दादरसारख्या गर्दीच्या स्थानकात कोणती दुकाने असावीत?

दुकाने ठरवण्याआधी प्रवाशाजवळ किती वेळ आहे, हे पाहावे. दादरला पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांच्या लोकल मिळतात. तिथे गाडी बदलणारा प्रवासी पुलावरून पलीकडच्या फलाटाकडे धावत असतो, आणि त्याला वडापाव, चहा, पाण्याची बाटली किंवा डोकेदुखीची गोळी एवढेच, तेही उभ्या उभ्या आणि सुट्या पैशांचा घोळ न होता, हवे असते. लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्याला मात्र बसून जेवण्याची सोय, मुलांसाठी दूध आणि वाचायला मासिक लागते. ही दुकाने प्रतीक्षालयाजवळ असावीत.

माझ्या मते कोणते दुकान यापेक्षा ते कुठे, हा प्रश्न मोठा आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (आजचे प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. म्हणून पुलावर, जिन्याच्या तोंडाशी आणि फलाटाच्या अरुंद भागात, भाडे कितीही मिळत असले तरी, एकही दुकान देऊ नये.

बाहेर जे मुबलक मिळते ते आत पुन्हा नको. दादर पश्चिमेला स्थानकालगतच फुलबाजार असताना आत फुलांचे दुकान काढण्यात अर्थ नाही. त्याऐवजी २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘एक स्थानक, एक उत्पादन’ योजनेतून स्थानिक कारागिरांना किंवा बचत गटाला एखादा गाळा द्यावा.