नागपूरचा सात दिवसांचा लॉकडाऊन फसला, असं त्या आठवड्याच्या आकड्यावरून म्हणता येतं का?

तुमचा मुद्दा असा, की 15 ते 21 मार्च 2021 नागपूर बंद ठेवलं, तरी त्याच आठवड्यात कोरोनाचे रोजचे रुग्ण तीन हजारांच्या वर गेले. मग लॉकडाऊन म्हणजे नुसता जाच. जाच होताच. पण त्या आकड्यावरून तो फसला हे ठरत नाही.

15 तारखेला ज्याला लागण झाली त्याला लक्षणं साधारण 5 दिवसांनी दिसतात. पुढचे दोन दिवस 'साधी सर्दी असेल' म्हणण्यात जातात, मग चाचणी आणि अहवाल. म्हणजे 21 पर्यंत पेपरात आलेले बहुतेक रुग्ण बंदच्या आधीच बाधित झालेले. शिवाय बाधित माणूस दोन खोल्यांच्या घरात अडकला की पुढची लागण घरच्यांना, आणि ती मोजणीत यायला आणखी आठवडा. 2020 मध्ये नागपुरातल्याच सतरंजीपुरा-मोमिनपुऱ्यात नुसते बॅरिकेड लावून भागलं नाही, लोकांना विलगीकरणासाठी आमदार निवासासारख्या ठिकाणी हलवावं लागलं, ते यामुळेच.

तेव्हा आलेख 25 तारखेपासून पुढचा बघा. त्यातही रुग्ण किती यापेक्षा किती वेगानं वाढताहेत ते. आणि शंभर चाचण्यांत पॉझिटिव्ह किती, हे सोबत ठेवा. चाचण्या वाढवल्या की रुग्ण जास्त दिसणारच.

आता बंद किती कडक हवा? एक रुग्ण अडीच जणांना लागण देत असेल, तर साथ उतरायला, म्हणजे एकाकडून एकाहून कमी जणांना लागण व्हायला, भेटीगाठी 60 टक्क्यांहून जास्त घटाव्या लागतात. पाच जणांना देत असेल तर 80. डेल्टा हा कोरोना विषाणूचा प्रकार या दुसऱ्या गटातला. कारखाने आणि किराणा-भाजी चालू ठेवून 80 टक्के गाठणं अवघडच. त्यात घोषणा 11 ला आणि अंमल 15 ला! मधले चार दिवस इतवारीच्या बाजारात खरेदीला मोकळे.

स्वीडनचा दाखला लोक हमखास देतात. तिथे सक्तीची घरबंदी नव्हती हे खरं, पण मार्च 2020 मध्येच 50 हून जास्त लोकांच्या जमावावर बंदी आली आणि कॉलेजं ऑनलाइन गेली. शिवाय लोक आपणहूनही घरी बसले. ही तुलना काही बंद आणि बरंच बंद यांची आहे.

माझा आक्षेप वेगळाच आहे. 4 दिवसांत दुप्पट होणारे रुग्ण 8 दिवसांत दुप्पट होऊ लागले, तर मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांना खाटा, ऑक्सिजन, माणसं जुळवायला वेळ मिळतो. तेवढ्या वेळात ते जुळवलं नाही, तर बंद उठल्यावर तीच गर्दी पंधरा दिवस उशिरा वॉर्डाच्या दारात उभी राहते, आणि हातगाडीवाल्याची आठवड्याची कमाई मात्र गेलेली असते.