स्वीटगम उशिरा जागं होतं, त्याला वेळ द्या

झाड मेलं का, असं तुम्ही फोटो पाठवून विचारलंत. ते बहुधा जिवंत आहे, हे आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी लावलेलं स्वीटगम, शेजारची मॅपल हिरवी झाली तरी बोडकं उभं, आणि म्हणून तुम्ही उद्या खत घालायच्या तयारीत आहात. ते खत सध्या पिशवीतच राहू द्या.

स्वीटगम मुळात वसंतात उशिरा पालवणाऱ्या झाडांपैकी आहे. मॅपलशी तुलना केली की दरवर्षी हीच धास्ती बसेल. खात्री करायची तर बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडून बघा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर बुंध्याकडे सरकत पुन्हा खरवडा, हिरवं कुठे सुरू होतं ते कळेल. फांदीवरचे डोळे (न उमललेले कोंब) फुगीर आणि चकचकीत असतील तर फक्त थांबायचं. उशिरा आलेल्या थंडीने पहिली पालवी करपली तरी निरोगी झाड साधारणपणे दुसरी पालवी काढतं.

हे एवढं कळकळीने लिहितोय कारण माझ्या पहिल्या झाडाचा शेंडा मी असाच ‘वाळला’ म्हणून वसंताच्या सुरुवातीला कापला होता. खाली साल हिरवी होती, पण मी बघितलीच नाही. त्या जागी दोन शेंडे जोमाने वर आले, त्यांचा जोड अगदी अरुंद कोनाचा झाला. अशा जोडाला पुढे वजन पेलत नाही, वादळात तो तिथूनच फाटतो. दोनपैकी एक शेंडा काढून टाकेपर्यंत मला चैन नव्हतं. स्वीटगमची सगळी शान त्याच्या सरळसोट, एकशेंडी वाढीत आहे. तेव्हा छाटणी हवीच असेल तर ती पानं फुटायच्या आधी, झाड झोपेत असताना करा. पालवी फुटू लागली असेल तर आता फक्त मोडलेलं आणि खरोखर मेलेलं काढा.

फांद्यांवर बुचासारखे उभे पंख आलेत, हा रोग आहे का, असंही विचारलंत. नाही. अनेक स्वीटगमच्या कोवळ्या फांद्यांवर ते येतातच. खरवडू नका.

आता खरी काळजीची गोष्ट, जी तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलीत: गेल्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडली, पण शिरा हिरव्याच राहिल्या. हे बहुधा लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे. बहुतेक वेळा मातीत लोह असतं, पण माती अल्कधर्मी असल्याने मुळांना ते घेता येत नाही. स्वीटगम मूळचं अमेरिकेच्या आग्नेय भागातलं आणि मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं, तिथे ते नदीकाठच्या ओलसर, आम्लधर्मी मातीत रमतं. साडेपाच ते साडेसहा सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप; आकडा जितका मोठा तितकी माती अल्कधर्मी) त्याला मानवतो. म्हणून आधी मातीचा सामू तपासा. साडेसातच्या वर असेल तर नत्रयुक्त खताने काही साधणार नाही, उलट कोवळी वाढ भरभर येईल आणि तीही पिवळीच. चुना तर चुकूनही नको. नवीन सिमेंटच्या भिंतीलगत किंवा बांधकामाचा राडारोडा पुरलेल्या जागी झाड असेल तर कारण तिथेच सापडेल. गंधकाने सामू हळूहळू खाली येतो, त्याला काही महिने लागतात. मात्र चुनखडीच्या मातीत त्याचा फारसा उपयोग होत नाही. तातडीने हिरवेपणा हवा असेल तर चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) वापरा, पण त्यातही अल्कधर्मी मातीसाठीचा ईडीडीएचए प्रकार निवडा. नेहमीचा ईडीटीए अशा मातीत लवकर निकामी होतो.

पाण्याबद्दल. स्वीटगमची मुळं मांसल असतात, रोपणाचा धक्का त्यांना सोसत नाही, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं वर फार काही दिसत नाही. रोज शिंपडू नका. बोट किंवा लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसून बघा. खाली चार-पाच इंचांवर कोरडं लागलं तरच भरपूर, सावकाश पाणी द्या. आळं रुंद ठेवा, त्यावर पालापाचोळ्याचा किंवा लाकडाच्या भुशाचा दोन-तीन इंचांचा थर घाला, पण तो बुंध्याला टेकू देऊ नका. बुंधा जमिनीलगत जिथे रुंदावतो, तो भाग उघडा दिसायला हवा. तुमच्या फोटोत बुंधा खांबासारखा सरळ मातीत गेलेला दिसतोय, ते मला खटकलं. खुरप्याने हलक्या हाताने माती बाजूला करून बघा. झाड खोल लावलं गेलं असेल तर पालवी उशिरा येण्यात त्याचाही हात असू शकतो.

आळ्यात गवत वाढू देऊ नका. मुळं वरच्या थरातच पसरतात, गवत काढताना यंत्र बुंध्याला लागलं तर तिथून बुरशी शिरते.

काटेरी बोंडांची चिंता तूर्तास सोडा, झाड फळायला अजून बरीच वर्षं आहेत. पुढे पायवाटेलगत आणखी एक लावायचं ठरलंच, तर ‘रोटुंडिलोबा’ हा गोलसर पानांचा वाण बघा, त्याला बोंडं जवळपास येतच नाहीत.

सामूचा आकडा आणि बुंध्याचा जवळून काढलेला फोटो हाती आला की लोह किती द्यायचं ते ठरवू. तोवर खत नको, कात्रीही नको.