जुना संगणक ठेवावा की नवा घ्यावा?

प्रश्न: घरचा संगणक २०१६चा आहे. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क. फार रखडतो आणि विंडोज ११ही घेत नाही. काय करावे?

उत्तर: रखडण्याचे मुख्य कारण बहुधा हार्ड डिस्क. २५६ जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान साठवण) आणि ८ जीबी रॅम बसवली की फरक लगेच जाणवेल. रॅम घेण्याआधी मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य पाटीवर) डीडीआर३ जातीची रॅम चालते की डीडीआर४, ते पाहाच. चुकीची पट्टी खाचेत बसतच नाही.

पण विंडोज १०चा नेहमीचा आधार (सुरक्षेच्या सुधारणा मिळणे) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी व टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते. म्हणून या यंत्रावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाका. बँकेचे व्यवहार, पत्रलेखन, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक, सगळे चालते. टॅली किंवा फोटोशॉपवाचून अडत असेल तर मात्र नवाच घ्या: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई (साटाहून वेगवान एसएसडी). काहीही करण्याआधी जुन्या संगणकातले फोटो दुसरीकडे उतरवा.