काउंटीला जिल्हा म्हणू का तालुका?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेत कॅन्सास राज्यातल्या ग्रॅहम काउंटीचा आणि तिथल्या गावांचा इतिहास मराठीत लिहायला घेतलाय, तर काउंटीला जिल्हा म्हणायचं का तालुका, आणि काउंटी सीट, टाउनशिप, अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी या मंडळींचं काय करायचं.

काउंटीला हात लावू नका, असं माझं मत. शब्द आपल्याकडे क्रिकेटमुळे कधीच रुळलाय, गावसकर 1980 मध्ये सॉमरसेटकडून काउंटी खेळला तेव्हा कुणी "जिल्हा क्रिकेट" नाही म्हटलं. शिवाय जिल्हा म्हटलं की डोळ्यासमोर कलेक्टर उभा राहतो, वरून बदलीवर आलेला, आणि तिकडे तो प्रकारच नाही, कमिशनर, शेरीफ, क्लार्क, ट्रेझरर सगळे लोकांनी निवडून दिलेले. आकाराचंही बघा, ग्रॅहम काउंटी जवळपास 900 चौरस मैलांची पण 2020 च्या जनगणनेत माणसं 2,415. आपल्याकडे एवढी तर एका बऱ्यापैकी गावाची मतदारयादी असते. कुणीतरी परगणा सुचवेल, पण त्याला देशमुख-देशपांड्यांचा वास आहे. आणि काउंटी म्हणजे मुळात काउंटची, म्हणजे युरोपातल्या सरदाराची जहागीर, कॅन्सासात कुठला आलाय काउंट, असंही कुणी म्हणेल, तर आपला जिल्हा मूळ अरबीत बरगडी किंवा बाजू आणि तालुका म्हणजे संबंध, त्या न्यायाने तेही काढून टाकावे लागतील. लिंग स्त्रीलिंगीच, कंपनी-कंपन्या तशी काउंटी-काउंट्या, ऐकायला विचित्र वाटतं पण बिनधास्त लिहा.

काउंटी सीटला मात्र अस्सल मराठी शब्द तयार आहे. "जिल्ह्याचं ठिकाण" म्हणतो ना आपण, तसं "काउंटीचं ठिकाण". एका भाषांतरात "काउंटी आसन" वाचलंय मी, हसू की रडू कळेना. ठिकाण का महत्त्वाचं, तर तिथे कोर्ट आणि दप्तर. दप्तर म्हणजे शाळेचं नाही, पेशवे दप्तर म्हणतो तो अर्थ, जमिनींची नोंद, कराची वही. कॅन्सासच्याच ग्रे काउंटीत 12 जानेवारी 1889 ला इंगल्स गावचे लोक सिमॅरॉनच्या कोर्टातलं दप्तर उचलून न्यायला गेले आणि भर रस्त्यात गोळीबार झाला, एक माणूस मेला. दप्तर ज्या गावात ते गाव काउंटीचं ठिकाण, आणि ठिकाण झालं की प्लॉटला भाव, एवढं साधं गणित होतं. ग्रॅहम काउंटीचं ठिकाण आधी मिलब्रुक होतं, 1887 च्या वावटळीने ते झोपवलं आणि 1888 मध्ये मान हिल सिटीला गेला. (वावटळ म्हणजे टॉर्नेडो, इथे खरं तर टॉर्नेडोच बरा, आपली वावटळ फार तर पत्रे उडवते.) मिलब्रुकसारख्या उठून गेलेल्या गावाला घोस्ट टाउन म्हणतात, त्याचं "भुताचं गाव" करू नका प्लीज. महसुलाच्या कागदात शब्द आहे, बेचिराख गाव. बे-चिराग, जिथे दिवा लागत नाही ते. आता आपण तो बाँब पडून उद्ध्वस्त झालेल्याला वापरतो, पण मूळ अर्थ इथे चपखल बसतो.

आता खरी गंमत, टाउनशिप आणि कम्युनिटी. याच काउंटीतल्या निकोडेमसबद्दल निकोडेमस टाउनशिप असं लिहिलंत तर पुण्याचा वाचक स्विमिंग पूल आणि क्लबहाउस शोधेल, टाउनशिप शब्द बिल्डरांनी पळवलाय. काउंटीचा पोटभाग म्हणून पहिल्यांदा एक ओळ समजावा आणि मग टाउनशिप ठेवा, इलाज नाही. कम्युनिटी तर नकोच, मराठीत कम्युनिटी म्हटलं की लोक जातच समजतात, आणि "असंघटित समुदाय" केलंत तर हमाल-माथाडी वाटतात. सरळ "नगरपालिका नसलेली वस्ती" लिहा, पुढे नुसतं वस्ती. उलट बोग नावाचं गाव दीडशेच्या आसपास माणसांचं, पण कायद्याने सिटी! तिथे शहर लिहू नका, गावच लिहा.

निकोडेमस ही वस्ती तर या काउंटीतली सगळ्यात मोठी गोष्ट. 1877 मध्ये केंटकीहून गुलामीतून सुटलेले काळे लोक येऊन वसले. एलिस गावापर्यंत रेल्वे, पुढे पायी. 1878 मध्ये आलेल्या विलियाना हिकमन यांची आठवण आहे की नवऱ्याने ते बघ निकोडेमस म्हणून बोट दाखवलं तर समोर घरं कुठेच नाहीत, जमिनीतून धूर येतोय फक्त, आणि त्यांना रडूच फुटलं. लोक डगआउटमध्ये राहत होते. हा शब्द तसाच ठेवलात तर आयपीएलचे खेळाडू बसलेले दिसतील, म्हणून "जमिनीत खणलेलं घर" लिहा. धान्याचं पेव असतं ना, तसल्या खड्ड्यात संसार, फरक इतकाच की हे उताराच्या पोटात कोरलेलं आणि पुढे दार.

एडवर्ड मॅकेब इथलेच, 1880 मध्ये काउंटीचे क्लार्क. क्लार्कचं "कारकून" केलंत तर माणसाचा पार कचरा होईल, हे दप्तर सांभाळणारं मानाचं पद, आणि 1882 मध्ये ते राज्याचे ऑडिटर निवडून आले. मग रेल्वे सोलोमन नदीच्या दक्षिणेने गेली, दुकानदार तिकडे बोगला हलले, निकोडेमस मागे पडलं पण उठून गेलं नाही, 1996 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. म्हणजे त्याला बेचिराख म्हणायचं नाही, तिथे दिवा लागतो अजून.