अँटीहिस्टामिनचं बाइंडिंग 4 डिग्रीला आणि 37 डिग्रीला वेगळं येतंय, खरं कुठलं धरायचं?

गिनीपिगच्या सेरेबेलमवर (लहान मेंदूवर) ट्रायटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेलं मेपिरामिन हे अँटीहिस्टामिन वापरून दोन तापमानांना केडी (ज्या कॉन्सन्ट्रेशनला निम्मे रिसेप्टर भरतात ते; जितका लहान तितकी पकड घट्ट) वेगळा आला असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही खरे असू शकतात, केडी सांगायचा तर तापमानासकटच सांगावा लागतो. पण आधी एक सांगा, 4 डिग्रीला इन्क्युबेशन किती वेळ ठेवलंत? थंडीत औषध H1 रिसेप्टरवर (हिस्टामिनचं पेशीवरचं प्रोटीन, अँटीहिस्टामिन ह्यालाच चिकटतं) बसतंही हळू आणि सुटतंही हळू, त्यामुळे 37 ला पुरतो तेवढाच वेळ इथे दिला तर कमी कॉन्सन्ट्रेशनच्या ट्यूब समतोलाला (बसणं आणि सुटणं सारख्याच वेगाने होतं त्या स्थितीला) पोचतच नाहीत (सगळ्यात जास्त वेळ त्यांनाच लागतो) आणि केडी उगाच मोठा दिसतो, म्हणजे पकड आहे त्यापेक्षा ढिली वाटते. प्रत्येक तापमानाला टाइम कोर्स (वेळेनुसार बाइंडिंग किती वाढतं ते) वेगळा काढाच, ह्यात शॉर्टकट नाही. सुटणं हळू होतं म्हणूनच तर फिल्टरवर धुताना बर्फगार बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) वापरतात, नाहीतर धुता धुताच बांधलेलं औषध निघून जाईल.

दुसरं म्हणजे बफर कुठला आहे? ट्रिस असेल तर घोळ तिथेच असू शकतो. 25 डिग्रीला पीएच 7.4 केलेला ट्रिस 4 डिग्रीला जवळजवळ 8 होतो आणि 37 ला 7.1 च्या आसपास येतो. मेपिरामिनच्या अमाइनवर प्रोटॉन असला तरच तो रिसेप्टरमधल्या अ‍ॅस्पार्टेट ह्या ऋणभारित अमिनो आम्लाला (माणसाच्या रिसेप्टरमध्ये त्याचा क्रमांक 107) नीट धरतो, त्यामुळे तुम्हाला वाटतं तापमानाचा परिणाम मोजतोय पण त्यात पीएचचाही मिसळलेला असतो. फॉस्फेट घ्या, तो तापमानाने फार हलत नाही, किंवा ट्रिसचा पीएच त्या त्या तापमानालाच सेट करा.

एवढं करूनही फरक राहिला तर तो बाइंडिंगच्या एन्थाल्पीचा, म्हणजे औषध बसताना जी उष्णता सुटते किंवा शोषली जाते तिचा. समजा ती उणे 40 किलोज्यूल प्रति मोल आहे (आकडा फक्त हिशोबासाठी घेतलाय), तर 37 वरून 4 ला आल्यावर पकड साधारण सहापट वाढते. तापात गोळी कमी लागू पडेल का असंही विचारलंत, तर ह्याच हिशोबाने 37 वरून 40 ला गेल्यावर पकड 14 टक्क्यांच्या आसपासच कमी होते, मला तरी हा फरक काळजी करण्याएवढा वाटत नाही.

आणि व्हॅन्ट हॉफ प्लॉट (पकड तापमानाबरोबर कशी बदलते त्याचा आलेख, त्याच्या उतारावरून एन्थाल्पी मिळते) काढणार असाल तर 12, 20, 30 ला पण रीडिंग घ्या, दोन पॉइंटमधून सरळ रेष जाणारच, मधे ती वाकतेय का ते त्यातून कळत नाही.