घोडा का हरला ते आधी विचारा

रेसचा मोसम सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत निम्मा मजकूर एकच असतो : ‘ताई, रविवारी कोण येणार?’ नुसतं नाव हवं असेल त्यांनी पान उलटावं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या सकाळच्या कामाच्या, म्हणजे सरावाच्या, वेळा घेण्यात माझं आयुष्य गेलं. घड्याळ, वही आणि मागच्या निकालांची बाडं, एवढीच माझी पुंजी. तिच्यातून जे देता येतं ते इथे देते.

प्रश्न : ताई, वर्ग चारच्या १२०० मीटरच्या रेसमध्ये एक घोडा चार लेंग्थनी (घोड्याच्या चार लांबींनी) पहिला आला. पुढच्या खेपेला तोच फेव्हरिट, पाठीवर वजन सहा किलो कमी, आणि आला सातवा! घोडा खेचला असणार, दुसरं काय?
– एक वाचक, काळाचौकी

उत्तर : ‘घोडा खेचला’, म्हणजे जॉकीने मुद्दाम आवरून धरला, हा आपल्या लोकांचा आवडता निकाल. तसं कधी होतच नाही असं मी म्हणत नाही, रेसवर नजर ठेवणारे स्ट्युअर्ड काही शोभेला बसवलेले नसतात. पण तुमच्या बाबतीत उत्तर तुम्हीच लिहिलेल्या आकड्यांत आहे.

घोड्यांवरचं वजन ठरवणारा हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला रेटिंग देतो. रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. वर्ग चार म्हणजे २० ते ४६, वर्ग तीन म्हणजे ४० ते ६६. मधले ४० ते ४६ वाले दोन्हीकडे बसतात आणि सगळी गंमत तिथेच असते. तुमचा घोडा समजा ३८ वर होता. ४६ वाल्याच्या पाठीवर ६२ किलो, म्हणजे याच्या पाठीवर ५८. हा चार लेंग्थनी आला, हँडिकॅपरने आठ गुण चढवले, झाला ४६. आता ट्रेनर त्याला वर्ग चारातच धाववेल तर डोक्यावर ६२ किलो. वर्ग तीनमध्ये घातला, तर तिथे ६६ वाला ६२ किलो घेऊन उभा आहे आणि आपला त्याच्या वीस गुण खाली, म्हणून ५२. तुम्ही रेसबुकात (रेसच्या छापील पुस्तिकेत) बघता : गेल्या वेळी ५८, आता ५२, वा! अहो, उतरलं कुठे? चढलंय. गेल्या वेळी ४६ वाल्याकडून त्याला चार किलोंची सवलत होती, आता तो स्वतःच ४६ वाला आहे. सवलत गेली, आणि वर तगडे घोडे आले.

आता हे चार किलो लेंग्थमध्ये मोजा. ढोबळ हिशेब असा की १००० मीटरला दीडएक किलो म्हणजे एक लेंग्थ, १६०० ला किलोभर, आणि अंतर वाढेल तसं वजन आणखी बोचतं. १२०० मीटरला चार किलो म्हणजे तीन लेंग्थ तिथेच खर्ची पडल्या. चारातली एक उरली, आणि तीही वरच्या वर्गातल्या घोड्यांसमोर टिकवायची!

तरी सातवा का? मागची रेस पुन्हा नीट बघा. पहिल्या रेसमध्ये तो गेटमधून सुटला आणि एकटाच पुढे गेला असेल. अंगावर कोणी आलं नाही, मधल्या टप्प्यात श्वास घेऊ दिला, शेवटचे ४०० मीटर ताजातवाना. वर्ग तीनमध्ये पुढे पळणारे आणखी दोघे होते. तिघांनी एकमेकांना पहिल्या ६०० मीटरमध्येच खाल्लं आणि मागून येणाऱ्यांचं फावलं. फॉर्म बघताना ‘किती लेंग्थनी आला’ याआधी ‘कसा आला’ हे बघायचं ते यासाठी.

त्या पहिल्या निकालावर मी बसले असते, तर जिंकणाऱ्याला सोडून मागच्यांकडे वळले असते. बाहेरच्या ड्रॉमधून (गेटमधल्या सुटायच्या जागेवरून) सुटून वळणावर रुंद फिरलेला, किंवा सरळ पट्टीत रेल्सवर (कडेच्या कठड्याशी) अडकून जॉकीला लगाम आवरावा लागला आणि तरी चौथा आलेला कोणी होता का? रेसबुकात त्याच्यापुढे नुसता ४ छापून येतो. त्याचं रेटिंग चढत नाही, गर्दीचं त्याच्याकडे लक्ष नसतं, भाव (पैजेवर मिळणारा परतावा) मोकळा असतो. माझ्या वहीत जिंकणाऱ्यांना एक ओळ मिळते, अशा चौथ्या-पाचव्यांना अर्धं पान.

आणि तुमच्या सातव्याला शिव्या घालून मोडीत काढू नका. अशा दोन-तीन रेसनंतर तो चाळीसच्या आसपास उतरेल, पुन्हा वर्ग चारात येईल. त्या दिवशी पुढे पळणारा तोच एकटा असला तर मला आठवा.

प्रश्न : एका घोड्याने गुरुवारी सकाळी ६०० मीटर ३६ सेकंदांत मारले असं वाचलं. इतर सगळे ३९-४०. मग हाच येणार ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वेळेच्या पुढे एक बारका शब्द छापलेला असतो, तो वाचलात का? ‘ईझी’ (आरामात), ‘प्रेस्ड’ (जोर लावून), ‘अर्ज्ड’ (हाकून). तो शब्द झाकून नुसता आकडा वाचणं म्हणजे मीठ न बघता भाजी वाढणं. प्रेस्ड ३६ पेक्षा ईझी ३८ मला जास्त आवडतो.

काम कुठे झालं हेही बघा. बाहेरची वाळू आणि आतली वाळू यांच्या वेळा एका तागडीत घालू नयेत. वर कोण होतं? जॉकी की रायडिंग बॉय? दोघांच्या वजनात फरक असतो. सोबत दुसरा घोडा होता का, आणि तो कोणत्या वर्गाचा? वर्ग पाचच्या सोबत्याला मागे टाकलं यात कौतुक नाही.

डिसेंबरात आम्ही रेल्सपाशी उभे राहतो तेव्हा अंधारच असतो. घोडा दिसायच्या आधी त्याचा श्वास ऐकू येतो, प्रत्येक झेपेबरोबर नाकातून एक फुत्कार, ठरलेल्या ठेक्यात. मग कपाळावरचा पांढरा पट्टा, मागच्या एका पायावरचा मोज्यासारखा पांढरा भाग, यावरून ओळख पटते आणि बोट घड्याळावर दाबलं जातं. वेळ मी वहीत लिहितेच, पण माझं खरं लक्ष पुढच्या दोन मिनिटांवर असतं. काम संपल्यावर घोडा किती लांब जाऊन थांबतो? परत चालत येताना बरगड्या किती हलतात? पाच मिनिटांनी सईसाच्या (घोड्याची निगा राखणाऱ्याच्या) हातून घमेल्यातलं पाणी शांतपणे पितो की मान झटकतो? ३६ मारून धापा टाकत परतलेला घोडा रविवारी शेवटच्या २०० मीटरमध्ये कुठे असेल ते मला तिथेच दिसतं. पेपरात त्याचा ३६ तेवढा छापून येतो.

एक मात्र सांगते. दोन-तीन महिने विश्रांतीवर असलेल्या घोड्याच्या बाबतीत सकाळच्या कामाला मोल आहे. त्याचा ताजा फॉर्म नसतोच, मग तिथे दुसरं काय बघणार? असा घोडा मॉक रेसमध्ये (सरावाच्या रेसमध्ये) धावला असेल तर तोही निकाल काढून ठेवा.

प्रश्न : माझे सासरे रिटायर झालेत. मोबाइलवर कोणीतरी ‘पक्की टिप’ पाठवतो, तीनदा बरोबर आली म्हणतात. आता तो चौथीचे पैसे मागतोय. मामंजींना काय सांगू?
– एक सूनबाई, लालबाग

उत्तर : त्यांना कागद-पेन्सिल घेऊन बसवा. टिपवाल्याने पहिल्या दिवशी आठशे लोकांना टिपा पाठवल्या. आठ घोड्यांची रेस, प्रत्येक शंभरांना वेगळा घोडा. एक घोडा येणारच, म्हणजे शंभर लोक खूश. त्या शंभरांना दुसऱ्या रेसमध्ये पुन्हा वाटायचं. शेवटी जे एक-दोघं उरतात, त्यांच्या दृष्टीने तो देवमाणूस! मामंजी त्या उरलेल्यांपैकी आहेत. बाकीच्यांनी त्याचा नंबर केव्हाच ब्लॉक केला असेल.

सुप्रीम कोर्टाने १९९६ साली घोड्यांच्या रेसला कौशल्याचा खेळ म्हटलं, हे ते तुम्हाला नक्की ऐकवतील. खरं आहे. पण ते कौशल्य त्या टिपवाल्याच्या अंगी आहे असं कोर्टाने कुठे म्हटलेलं नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या पैजेवर ४० टक्के जीएसटी आहे, तोही लावलेल्या पूर्ण रकमेवर. घोडा आला तरी तो परत मिळत नाही. एवढा कर भरून पैसे सुटायचे, तर घोडा बरा असून भागत नाही, भावही बरा लागतो. आणि टिप ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पोचली की भाव उरतो कुठे? ‘पक्का’ म्हणाल तर १९ पैकी १८ रेस जिंकलेला स्क्वॉन्डरर हा घोडासुद्धा एकदा हरलाच होता.

टिपवाल्याला एक पैसा देऊ नका. सासऱ्यांना रेसचा नादच असेल तर रेसबुक आणून द्या, पेन्सिलीने घोडे निवडू द्या आणि निकाल संध्याकाळी तपासू द्या. महिनाभर पैसे न लावता. वहीतला हिशेब बघून ते स्वतःच काय ते ठरवतील. आणि बाहेरच्या बुकीकडे लावत असतील तर ते आधी बंद करा. ते बेकायदा आहे, आणि तो पैसे बुडवून गेला तर तक्रारीला दार नाही.

प्रश्न : १६०० मीटरची गिनीज जिंकलेला घोडा २४०० मीटरच्या डर्बीत धरावा का?
– एक कॉलेज विद्यार्थी, दादर

उत्तर : दोन्ही मोसमातल्या मोठ्या रेस : डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, गिनीज डिसेंबरात. मध्ये वेळ आहे, अंतराची भर मात्र आठशे मीटरची आहे. मी तीन गोष्टी बघते. गिनीजचे शेवटचे ४०० मीटर : तो वेग वाढवत आला की आधी कमावलेली आघाडी सांभाळत आला? त्याची आई आणि आईची इतर पोरं किती अंतरावर जिंकली? आणि जॉकीचं ऐकतो का? पहिल्याच हजार मीटरमध्ये तोंड ओढून पुढे धावणारा घोडा २४०० ला पुरत नाही, बाप कितीही मोठा असो.

अंतर वाढलं की लोक आधी घोडीवर काट मारतात. तसं करू नका. डर्बीत घोड्याला ५७ किलो, घोडीला ५५.५. वर सांगितलेला हिशेब लावा, २४०० ला हा दीड किलो बराच होतो. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी जिंकली तीही घोडीनंच, बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुलनं.

प्रश्न : पहिल्यांदाच रेसकोर्सवर येतेय. पॅडॉकमध्ये घोडे फिरवतात तेव्हा नेमकं काय बघायचं? मला तर सगळे सारखेच सुंदर दिसतात.
– एक वाचक, माहीम

उत्तर : सुंदर दिसण्यावर जाऊ नका. चाल बघा : मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे पडत असेल तर बरं. अंग चमकतंय, बरगड्यांची नुसती सावली दिसतेय, सईस आरामात चालतोय, हे चांगलं लक्षण. मागच्या मांड्यांच्या मध्ये पांढरा फेस, शेपटी सतत फिरतेय, एका घोड्याला दोन सईस आवरताहेत, तर त्याची रेस पॅडॉकातच धावून झाली. मुंबईचा उकाडा लक्षात घ्या, मानेवरचा थोडा घाम चालतो. आणि ब्लिंकर (डोळ्यांच्या बाजूची झापडं) पहिल्यांदाच लावलेत का ते रेसबुकात बघा. पेंगणारा घोडा त्याने जागा होतो, तापट घोडा बिथरतो.

पॅडॉक बघून घोडा निवडू नका. फॉर्मवरून दोन-तीन काढून आणा आणि त्यातला एखादा तिथे गाळा.

प्रश्न : रेसकोर्सचं उद्यान होणार म्हणतात. मग रेस बंद का?
– एक वाचक, वरळी

उत्तर : नाही. २०२४ च्या ठरावाप्रमाणे १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर रेस चालवणाऱ्या क्लबकडे. धावपट्टी राहते. तुम्ही वरळीत राहता, एखाद्या सकाळी सहाला या की बघायला. घड्याळ नसलं तरी चालेल, माझ्याकडे आहे.