कोणी सांगितलं, ते लिही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

गावाच्या इतिहास मंडळाचं नाव काय, अध्यक्ष कोण, आणि शिमग्यात पालखीचा पहिला मान वरच्या वाडीचा की खालच्या, असे तुझे तीन प्रश्न. पहिले दोन सोड. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणीला सात माणसं लागतात, ती मिळतील. लेटरहेड कसलं छापताय एवढ्यात! इतिहासकार वि. का. राजवाड्यांचा जुन्या मराठी कागदपत्रांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली झालं. आधी कागद, मग मंडळ.

मान कोणाचा हे मंडळाने ठरवायचंच नाही. वरच्या वाडीचे गावकार सांगतात ते लिही, खालच्या वाडीची म्हातारी सांगते तेही लिही. पुढे लिही: कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला, त्यांना कोणाकडून कळलं. मग दोन्ही वाड्या एका सतरंजीवर बसतील. रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळपठारांवरची, कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांतल्या कितीतरी ठिकाणांची वाट गावच्याच माणसांनी दाखवली. तुमच्या सड्यावर काही निघालं तर वाट दाखवणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत हवं.

कोणाच्या माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, निघाला, तर उचलून आणू नकोस. घरच्यांसमोर ओटीवर सोड, उजेडात फोटो काढ, होता त्याच क्रमाने बांधून परत दे. चिकटलेली पानं ओढू नकोस. पावसाळ्यात तर रुमाल सोडूच नकोस, ओल धरते. प्रत्येक फोटोला घर, तारीख, पान क्रमांक. पुन्हा तेच: कोणाकडचं, ते लिही.

मला गावात हेकट म्हणतात. म्हणोत. जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत देऊळ सातशे वर्षांचं असं छापायचं ठरलं, तेव्हा मी विचारलं, कोणी सांगितलं? उत्तर आलं नाही. मी माझा लेख परत घेतला. आज तीच स्मरणिका लोक पुरावा म्हणून दाखवतात. मी तेव्हा बरोबर होतो आणि आजही तेच करेन.

जिवाला लागलंय ते वेगळंच. १९४९ च्या कायद्याने खोती, म्हणजे खोताने गावाचा सारा वसूल करायची पद्धत, गेली. खोताच्या खळ्यावर अर्धेलीचं, म्हणजे पिकाच्या अर्ध्या वाट्याचं, भात मोजून दिलेली माणसं माझ्या डोळ्यांसमोर होती. आमच्याकडे सभा कोणाच्या पडवीत घ्यायची यावरून रुसवेफुगवे चालले होते, तेवढ्यात ती एकेक करून गेली. त्यांचं एक वाक्य आज गावाकडे नाही. म्हणून तुझ्यावर ओरडतोय, रागावू नकोस.

आणि अर्धा गाव मुंबईत आहे हे विसरू नकोस. तिथल्या गावकरी मंडळाच्या वर्गणीच्या वह्या, सभांची इतिवृत्तं कोणाच्या तरी खोलीत पोटमाळ्यावर असतील. गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा विचार.

वरच्या वाडीच्या गावकारांकडे मात्र उद्याच जा. दुपारी ते झोपतात, चारनंतर जा. मोबाइलवर आवाज घ्यायचा तर आधी त्यांना विचार, आणि वही घेऊन जा.

तुझा,
काका